माटुंगा ते पार्ले: चार आवारं, पाच इंजिनिअरिंग कॉलेजं, एक दिवस

आदली रात्र: सांगली

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीची गुणवत्ता यादी लागली की कॉलेजांचे पसंतीक्रम भरायला मोजकेच दिवस हातात राहतात, आणि नेमके तेच दिवस भर पावसाळ्यातले असतात. सांगली-कोल्हापूरकडच्या बऱ्याच घरांत हे क्रम मागच्या वर्षीचे कट-ऑफ समोर ठेवून, कॉलेजचं फाटकही न बघता भरले जातात. पुढची चार वर्षं जिथे काढायची ती जागा एकदा डोळ्यांनी बघावी, म्हणून तीन विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबर तीन मोठी माणसं असे आम्ही सहा जण महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो. एकाला मेकॅनिकल हवं होतं, दुसऱ्याला कॉम्प्युटर. तिसरी मुलगी दहावीपासून केमिकल म्हणत आलेली.

पहिला प्रश्न होता कॉलेजं कुठली धरायची. इथे बहुतेक जण कट-ऑफच्या उतरत्या क्रमाने नावं लिहितात आणि मग माटुंगा, चेंबूर, वांद्रे, अंधेरी असा दिवसभर उलटासुलटा प्रवास करतात. एका दिवसाचं नियोजन रेल्वेच्या नकाशावर करावं लागतं. हार्बर मार्गाची एक शाखा सीएसएमटीहून वडाळा रोड, किंग्ज सर्कल, माहीम, वांद्रे, पार्ले, अंधेरी अशी थेट गोरेगावला जाते. माटुंग्याची दोन मोठी कॉलेजं किंग्ज सर्कलपासून चालण्याच्या अंतरावर आहेत आणि पार्ले-अंधेरीची तीन याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला. मधे गाडी बदलावी लागत नाही. बाहेरगावच्या माणसाला ही शाखा सहसा ठाऊक नसते. तो दादरचा पूल चढून मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेला जातो आणि गर्दीत अर्धा तास घालवतो.

त्यामुळे यादी ठरली ती अशी: सकाळी व्हीजेटीआय (वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट) आणि आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), दुपारी अंधेरीच्या भवन्सच्या आवारातली एसपीआयटी आणि एसपीसीई, शेवटी पार्ल्याचं डीजे संघवी. चेंबूरचं व्हीईएसआयटी मनात होतं, पण ते हार्बरच्या पनवेलकडच्या फाट्यावर पडतं, म्हणून सोडलं. वांद्र्याचं थडोमल शहानी याच मार्गावर आहे. ज्यांना ते बघायचंय त्यांनी शेवटच्या दोनांपैकी एकाच्या जागी घ्यावं, वर जोडून घेऊ नये. एका आवाराला दीड तास लागतो: फाटकावर दहा मिनिटं, आपल्या शाखेच्या विभागात अर्धा तास, तिथल्या मुलांशी वीस मिनिटं, वसतिगृह आणि कँटीन पंधरा-वीस मिनिटं, बाकीचा वेळ चालण्यात. यापेक्षा कमी वेळात फक्त इमारत बघून होते.

निघण्याआधी दोन कामं घरूनच उरकली. प्रत्येक कॉलेजच्या कार्यालयाला ईमेल केला: विद्यार्थ्यांची नावं, तारीख, अंदाजे वेळ आणि कोणता विभाग बघायचा आहे. उत्तर येवो न येवो, पाठवलेल्या ईमेलची छापील प्रत जवळ ठेवायची, कारण फाटकावरच्या माणसाला कागद दिसला की बोलणं सोपं होतं. दुसरं काम म्हणजे प्रत्येक कॉलेजने एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीला, दिलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेणं. नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांच्या पगाराचा मध्यक त्यात असतो. जाहिरातीत झळकतो तो सर्वांत मोठा पगार, पण मध्यकावरून कळतं की निम्म्या मुलांना त्याहून कमी मिळाला. पालकांनी आधी हा आकडा शोधावा.

सामानात पाठीवरची एकेक पिशवी, छत्री आणि पायात रबरी सँडल. कागदांत आधार कार्ड, सीईटीचं गुणपत्रक आणि बारावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स.

सकाळी सात: दादर, मग माटुंगा

गाडी सातच्या सुमारास दादरला लागली. प्रतीक्षालयात तोंड धुऊन, कपडे बदलून कल्याणच्या दिशेची धीमी लोकल पकडली. माटुंगा हे मध्य रेल्वेवरचं दादरनंतरचं लगेचचं स्थानक. जलद गाडी तिथे थांबत नाही, हे चढण्याआधी फलाटावरच्या पाटीवर बघून घ्यावं. सकाळी मुंबईची गर्दी दक्षिणेला चाललेली असते आणि आपण उत्तरेला, त्यामुळे सातला बसायला जागा मिळाली. माटुंगा स्थानकाचा सगळा कारभार २०१७ सालापासून महिला कर्मचारी चालवतात. हे कळल्यावर आमच्यातली मुलगी तिकीट खिडकीशी मुद्दाम थांबून आत डोकावली. आतल्या बाईंनी विचारलं, "काय गं, कुठे जायचंय?" "व्हीजेटीआयला." "पूर्वेला उतर, सरळ जा, सर्कल आलं की विचार."

पूर्वेला उतरताच फुलांचे हार, केळीची पानं, नारळ आणि ताज्या दळलेल्या कॉफीचा वास येतो. तमिळ, कानडी, गुजराती, मराठी अशा सगळ्या भाषा एकाच गल्लीत कानावर पडतात. न्याहारी राम आश्रयमध्ये केली. तिथे रांग असते, पण टेबलं भराभर रिकामी होतात आणि ओळख नसलेल्या माणसांच्या शेजारी बसायची तयारी असेल तर नंबर लवकर लागतो. मऊ इडली, भरपूर चटणी, अननसाचा शिरा आणि फिल्टर कॉफी. सहा जणांचं खाणं अर्ध्या तासात आटोपलं. दिवसभर पोट सांभाळायचं असल्याने तळलेलं टाळलं.

तिथून पायी निघालो. एक गोष्ट लक्षात ठेवायची: माटुंगा-दादरकडे रिक्षा नाहीत. शीव आणि वांद्र्याच्या पुढेच रिक्षा मिळतात. इथे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. पण हे अंतर चालण्याचंच आहे. माहेश्वरी उद्यानापाशी, म्हणजे ज्याला सगळे किंग्ज सर्कल म्हणतात तिथे, उड्डाणपुलाखाली नानालाल मेहता उद्यान आहे. त्यातली पायवाट नर्मदा नदीच्या वळणांसारखी आखली आहे. पाऊस सुरू झाला तरी पुलाखालून न भिजता बरंच अंतर कापता येतं. मग डावीकडे वळून पारशी कॉलनीकडच्या फाइव्ह गार्डन्सजवळून व्हीजेटीआयचा रस्ता लागतो. रस्त्यावर मोठी झाडं, त्यामागे जुन्या बुटक्या इमारती. मुंबई म्हणजे नुसती दाटी असं मनात धरून आलेली आमची मुलं इथे गप्प झाली.

साडेनऊ: व्हीजेटीआय

संस्था १८८७ची, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघालेली. सुरुवात भायखळ्याला झाली. माटुंग्याच्या जागेत ती १९२३ साली आली आणि १९९७मध्ये तिला वीरमाता जिजाबाईंचं नाव दिलं गेलं. गिरण्यांच्या मुंबईला कापड उद्योगाची जाणकार माणसं हवी होती, त्या गरजेतून हे शिक्षण उभं राहिलं. टेक्स्टाइलची शाखा आजही आहे.

फाटकावरच्या वहीत नाव, गाव, कोणाला भेटायचं आणि वेळ लिहावी लागते. "कोणाला भेटायचं" या रकान्यात "कॉलेज बघायला" असं लिहू नये. आपल्या शाखेच्या विभागप्रमुखांचं कार्यालय लिहावं आणि ईमेलची प्रत पुढे करावी. वहीवरच्या काकांनी प्रत वाचली, "आधी ऑफिसात जा, मग डिपार्टमेंटला," म्हणाले आणि दिशा हाताने दाखवली. याच वेळी सगळ्यांनी फोनवर कॉलेजच्या नावाच्या पाटीचा फोटो काढला. ही सवय फार कामी येते. संध्याकाळी फोनमध्ये शे-दीडशे फोटो असतात आणि प्रयोगशाळा सगळीकडच्या सारख्याच दिसतात. पाटीचा फोटो मधे असला की कुठून कुठलं कॉलेज सुरू झालं ते कळतं.

मेकॅनिकलच्या कार्यशाळेत मुलाला रेंगाळू दिलं. तिथे यंत्रं किती यापेक्षा ती चालतात का ते बघायचं. लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्राच्या, चकवर धातूचा ताजा कीस किंवा तेल आहे का, की नुसती धूळ? मोजमापाच्या उपकरणांवर कॅलिब्रेशनची चिठ्ठी आणि तारीख आहे का? एका वेळच्या बॅचला किती मुलं आणि किती यंत्रं? बॅचमध्ये वीस मुलं आणि यंत्रं चार असतील तर प्रत्येकाच्या हाताला काम लागायला वेळ लागतो. हे प्रश्न प्राध्यापकांपेक्षा प्रयोगशाळेतल्या सहायकांना विचारावेत. यंत्र बंद पडल्यावर दुरुस्तीला किती दिवस लागतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

टेक्स्टाइल विभागाकडे आमच्यातलं कोणी जाणार नव्हतं. पण इचलकरंजी आमच्या शेजारी असल्याने एक पालक हटून बसले, "सूत बघितल्याशिवाय मी हलत नाही." तिथल्या एका तिसऱ्या वर्षाच्या मुलाने बोटात धागा धरून, पीळ उलटा फिरवून दाखवला. धागा मोकळा झाला, तंतू सुटे झाले आणि मग त्याने पीळ कमी पडला तर मागावर धागा कसा तुटतो ते समजावलं. पाच मिनिटांत जे कळलं ते माहितीपुस्तिकेत कुठेच नसतं. मेकॅनिकलवाल्या मुलाने त्याच्या कागदावर टेक्स्टाइल हे नाव पहिल्यांदा लिहिलं.

मुलांशी बोलायचं तर तिसऱ्या वर्षाच्या. पहिल्या वर्षाच्यांना अजून काही माहीत नसतं आणि शेवटच्या वर्षाची मुलं नोकरीच्या धावपळीत असतात. प्रश्न नेमके असावेत. "कॉलेज कसं आहे?" असं विचारलं की "मस्त आहे" याच्यापुढे काही येत नाही. "मागच्या आठवड्यात किती प्रॅक्टिकल झाले?", "ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं?", "इंटर्नशिप स्वतः शोधावी लागते का?", "तुमच्या वर्गातली किती मुलं वसतिगृहात आहेत?" असे प्रश्न विचारले की मुलं मोकळेपणाने बोलतात. वसतिगृह आवारातच आहे. ते बघताना खोलीपेक्षा मेसचा फळा वाचावा आणि न्हाणीघरं बघावीत. जागा मर्यादित असतात आणि त्या गुणवत्तेवर व प्रवर्गावर मिळतात, म्हणून प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळालीच असं धरू नये.

साडेअकरा: आयसीटी

व्हीजेटीआयमधून बाहेर पडून चालत पंधरा मिनिटांत आयसीटी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून ही संस्था सुरू झाली. जुनी माणसं अजून यूडीसीटीच म्हणतात. २००८पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर इथलेच विद्यार्थी आणि रॉयल सोसायटीचे फेलो झालेले डॉ. एम. एम. शर्मा इथे शिकवत. देशातल्या औषध आणि रंग उद्योगातली किती मोठी माणसं इथे घडली याची यादी फार लांब होईल.

केमिकल म्हणणाऱ्या मुलीसाठी दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा दीड तास हाच होता. इथे केमिकल इंजिनिअरिंगबरोबर तंत्रज्ञानाच्या वेगवेगळ्या शाखा आहेत: रंगद्रव्यं, तंतू, अन्न, तेलं, औषध, पॉलिमर, पृष्ठलेपन. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं एकच वाटतं. प्रयोगशाळांमधून फिरलं की फरक समजतो. एकीकडे काचेचे उभे स्तंभ आणि द्रावकांचा वास, दुसरीकडे पिठाचे, तेलाचे नमुने. संशोधन करणाऱ्या एका ताईने तिला पांढरा कोट न घालता आत येऊ दिलं नाही. "आत यायचंय ना? मग हे घाल आणि केस बांध." कोट मोठा होता, बाह्या दुमडाव्या लागल्या. मग त्या ताईने एक तास लागणारी प्रक्रिया कागदावर काढून दाखवली: काय घालतो, तापमान किती, काय निघतं, आणि हेच हजार पटीने मोठं करताना उष्णता बाहेर काढणं का अवघड होतं. चंचुपात्र मोठं केलं की आकारमान घनाच्या पटीत वाढतं आणि पृष्ठभाग वर्गाच्या पटीत. बारावीचं गणित, पण तिथे उभं राहून ऐकताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंग यांतलं अंतर तिला तिथे समजलं.

प्रयोगशाळेत बघण्यासारखं आणखी: धूर ओढणाऱ्या कपाटांचे पंखे चालू आहेत का, डोळे धुण्याचा नळ आणि आपत्कालीन शॉवर कुठे आहे, टाकाऊ द्रावकांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या आहेत का. रसायनाच्या विभागात शिस्त किती आहे ते या तीन गोष्टींवरून कळतं.

मराठवाड्यातल्या पालकांसाठी: आयसीटीचं एक केंद्र जालन्याला आहे. प्रवेशाच्या नोंदीत मुंबई आणि जालना वेगवेगळे येतात. पसंतीक्रम भरताना कॉलेजचा आणि शाखेचा सांकेतिक क्रमांक नीट वाचावा. नाव सारखं दिसलं म्हणून घाईत भलतीच ओळ निवडली जाते.

एक ते अडीच: जेवण आणि पाऊस

एक ते दोन या वेळेत कुठल्याही कॉलेजच्या कार्यालयात काम होत नाही. ती वेळ जेवण आणि प्रवासात घालवावी. माटुंगा स्थानकाजवळच्या रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवलो. १९४२पासून चाललेली खाणावळ. पोळी किंवा पुरी, भात, रसम, सांबार, दोन भाज्या, ताक. वाढणारे न विचारता वाढतात, नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा. सोमवारी माटुंग्यातल्या काही नावाजलेल्या खाणावळी बंद असतात, तेव्हा शक्यतो मंगळवार ते शुक्रवार यांतला वार धरावा. महिन्यातल्या सुट्टीच्या शनिवारीही जाऊ नये.

जेवण झालं आणि पाऊस कोसळला. किंग्ज सर्कल, गांधी मार्केट हा सखल भाग. नाल्यांचं पाणी शेवटी समुद्राला किंवा खाडीला जातं आणि भरतीच्या वेळी समुद्राची पातळी वर आली की ते बाहेर पडत नाही, तुंबतं. म्हणून जुलैत मुंबईत फिरताना पावसाच्या अंदाजाइतकंच भरतीचं वेळापत्रक महत्त्वाचं. साडेचार मीटरच्या आसपासची भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस, असं जुळलं की माटुंगा, हिंदमाता, अंधेरीचा भुयारी मार्ग ही नावं बातम्यांत येतात. महापालिका भरतीच्या वेळा आधीच जाहीर करते. भरती दुपारी असेल तर सकाळी माटुंगा उरकून भरतीच्या आत निघावं. आमच्या दिवशी भरती संध्याकाळची होती, त्यामुळे स्थानकाच्या वाटेवर घोट्यापर्यंतच पाणी होतं. पंप बसवल्यापासून ते पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं, असं तिथला केळीवाला म्हणाला. "दादा, कडेने नका चालू, मधून चला. कडेला गटारं." ही सूचना सोन्याच्या मोलाची आहे. पाण्याखालचं उघडं झाकण दिसत नाही.

किंग्ज सर्कलला गोरेगाव लोकलची वाट बघावी लागली. या शाखेवर गाड्या मुख्य मार्गाइतक्या दाट नसतात, दोन गाड्यांत वीस-पंचवीस मिनिटं जाऊ शकतात आणि पावसात आणखी उशीर होतो. एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या ॲपवर वेळ बघून निघावं. मिळालेला वेळ वाया जाऊ दिला नाही. प्रत्येक मुलाने दोन्ही कॉलेजांचं टिपण फलाटाच्या बाकावर बसून लिहिलं. हे टिपण पुढच्या कॉलेजात शिरण्याआधीच व्हायला हवं, नाहीतर संध्याकाळी वसतिगृह एका कॉलेजचं आणि ग्रंथालय दुसऱ्याचं आठवतं. रकाने पाचच: शाखेची प्रयोगशाळा, तिसऱ्या वर्षाची मुलं काय म्हणाली, राहणं आणि मेस, रोजचा प्रवास, मनाला काय खटकलं. गुण देऊ नयेत. दहापैकी सात म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही, वाक्य मात्र लक्षात राहतं.

सव्वातीन: भवन्सचं आवार, अंधेरी

अंधेरीला उतरून मेट्रोने एकच स्थानक, आझाद नगर. तिथून दहा मिनिटं चालत मुन्शीनगर. भारतीय विद्या भवनच्या या आवारात दोन इंजिनिअरिंग कॉलेजं शेजारी शेजारी आहेत आणि बाहेरगावची माणसं त्यांची हमखास गल्लत करतात. एसपीसीई म्हणजे सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, १९६२चं, अनुदानित. तिथे सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल. एसपीआयटी म्हणजे सरदार पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, विनाअनुदानित. तिथे कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमकडचे अभ्यासक्रम. अनुदानित आणि विनाअनुदानित यांच्या शुल्कात मोठा फरक पडतो, म्हणून मेकॅनिकलवाल्याने एसपीसीई नीट बघून घेतलं. एका फेरीत दोन कॉलेजं होतात हा या आवाराचा मोठा फायदा.

कॉम्प्युटरच्या विभागात यंत्रं बघून काही हाती लागत नाही, पडदे सगळीकडे सारखेच. तिथे सूचनाफलक वाचावा. कोणत्या कंपन्यांच्या मुलाखतींची सूचना लागली आहे, प्रकल्पांची यादी कशी आहे, विषय तेच ते आहेत की वेगळे, हजेरी कमी असलेल्यांची यादी किती लांब आहे. आमच्या मुलाने प्रकल्पांच्या यादीचा फोटो काढला आणि जिन्यात भेटलेल्या एका मुलीला त्यातल्या एकाबद्दल विचारलं. तो तिच्याच गटाचा निघाला. मग ती पायरीवर बसली, लॅपटॉप उघडला आणि कुठे अडलं, डेटा गोळा करायला किती महिने गेले, शिक्षकांनी कुठे मदत केली, ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "कोडिंग कुठेही शिकशील. सोबतची मुलं कशी आहेत ते बघ."

शुल्काचं इथेच स्पष्ट विचारून घेतलं. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर विनाअनुदानित कॉलेजांतही दारं बंद नसतात. शिक्षण शुल्क माफीच्या टीएफडब्ल्यूएस योजनेच्या जागा मंजूर संख्येच्या वर पाच टक्के असतात, पण पसंतीक्रमात त्यांची ओळ वेगळी असते आणि ती स्वतंत्रपणे निवडावी लागते. २०२४-२५पासून इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएसमधल्या (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना याच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झालेला असला तर. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर तयार नसतील तर कॉलेज बघणं एक दिवस पुढे ढकलून आधी तहसील गाठावं.

पाच: डीजे संघवी, पार्ले

भवन्सपासून रिक्षाने पाऊस नसेल तर वीस-पंचवीस मिनिटं, आम्हाला चाळीस लागली. कूपर रुग्णालयासमोर, कॉलेजांनी गजबजलेल्या भागात ही उंच इमारत आहे. मिठीबाई आणि एनएम ही कॉलेजं जवळच. आवार शोधू नये, इथे सगळं मजल्यांवर आहे. अशा कॉलेजला वेळ कमी लागतो, म्हणून ते शेवटी ठेवावं. मोठी आवारं सकाळी, उभ्या इमारती संध्याकाळी.

इथे जागांचं गणित समजून घेणं महत्त्वाचं. कॉलेज गुजराती भाषिक अल्पसंख्याक दर्जाचं आहे, त्यामुळे काही जागा त्या समाजासाठी राखीव. अल्पसंख्याक कॉलेजांत मागास प्रवर्गांचं नेहमीचं आरक्षण लागू नसतं, म्हणजे आपल्या प्रवर्गाचा कट-ऑफ तिथे शोधण्यात अर्थ नाही, खुल्या जागांचाच बघावा. शिवाय मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत सांगलीचा विद्यार्थी बाहेरच्या विद्यापीठक्षेत्रातला धरला जातो. कट-ऑफच्या तक्त्यात जागेच्या नावाला शेवटी एच, ओ किंवा एस लागतो: स्वतःचं विद्यापीठ, बाहेरचं, आणि राज्यस्तर. सांगलीकरांनी संलग्न कॉलेजांचा ओ बघायचा आणि व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी एस. एच बघून "मिळतंय की!" म्हणणारी घरं दरवर्षी निराश होतात.

एव्हाना कार्यालय आवरत होतं. दिवसभरातल्या पाचांपैकी एका ठिकाणी फाटकावरून वर सोडायला नकारच मिळाला. अशा वेळी हुज्जत घालू नये. समोरच्या चहाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानात किंवा बसथांब्यावर त्याच कॉलेजची मुलं उभी असतात आणि आतल्यापेक्षा मोकळी बोलतात. आम्ही तेच केलं. पेइंग गेस्टचा विषय तिथेच निघाला. दलालाकडे जाण्याआधी वरच्या वर्गातल्या मुलांना विचारावं: अनामत परत मिळते का, वीजबिल वेगळं का, जेवण धरून का, मुलींना रात्री परतायची वेळ किती. चार जणांची उत्तरं जुळली तर भाव खरा.

मग पार्ल्याहून चर्चगेटकडची धीमी लोकल. संध्याकाळी गर्दी विरारच्या दिशेला असते, उलट्या बाजूला उभं राहायला नीट जागा मिळते. दादरला २०२३च्या डिसेंबरपासून पश्चिम आणि मध्यचे फलाट सलग क्रमांकाचे झाले आहेत, तेव्हा जुन्या आठवणीवर न जाता पाटी वाचून पूल चढावा. परतीच्या महालक्ष्मीला साडेआठच्या सुमारास पकडायचं असेल तर पार्ले साडेसहालाच सोडावं. पावसात पश्चिम रेल्वे रेंगाळली तरी तासभर हाताशी राहतो.

दुसरा दिवस: परत सांगली

सकाळी घरी पोचून, झोप काढून दुपारी तिघेही टिपणं घेऊन एकत्र बसले. २०२५-२६च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला मिळाला, तर तो घ्यावाच लागे, पुढच्या फेरीत जाता येत नसे. नियम दरवर्षी सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्यावेत, पण जिथे जायचंच नाही ते वरच्या ओळींत लिहू नये, हे कुठल्याही वर्षी खरं.

मुलीने आयसीटीच्या शाखा ओळीने वर लावल्या, केमिकल पहिली, मग तेलं आणि पॉलिमर. आधी ती केमिकल सोडून दुसरं काही लिहायला तयार नव्हती. कॉम्प्युटरवाल्याने प्रवासाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता, "रिक्षा", आणि त्या शब्दापायी दोन ओळी खालीवर केल्या. मेकॅनिकलवाल्याने व्हीजेटीआय मेकॅनिकल, एसपीसीई मेकॅनिकल आणि त्याखाली व्हीजेटीआय टेक्स्टाइल लिहिलं. त्याचे वडील म्हणाले, "टेक्स्टाइल? खरंच?" तो म्हणाला, "इचलकरंजी आपल्यापासून किती लांब आहे, बाबा?"

अर्ज पक्का करण्याआधी प्रत्येक ओळीचा सांकेतिक क्रमांक दुसऱ्याने मोठ्याने वाचायचा आणि ज्याचा अर्ज त्याने टिपणाशी ताडून बघायचा. तिघांचे अर्ज वाचायला पाऊण तास लागला. त्यात टीएफडब्ल्यूएसची राहिलेली एक ओळ सापडली, ती घालून मगच अर्ज पक्का केला.